टपोऱ्या अक्षरांची भिंत

फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथली एकच मुलगी ओढ्यापलीकडच्या पाठशाळेत जायची. बाकीची मुलं गुरं राखायची. गुरुजींनी तिला सांगितलं होतं, "बाळ, एकटीनं शिकलेलं अर्धंच असतं. रोजचं रोज गावाला देत जा."

म्हणून ती चावडीची भिंत काळी करून तिच्यावर पांढऱ्या मातीने त्या दिवशीचा धडा लिहायची. दुसऱ्या दिवशी पुसून नवा लिहायची. थंडीने बोटं फुटली, अंगात ताप भरला, तरी तिचा नेम मोडला नाही. पोर खरंच गुणाची, हो!

आधी आधी गुराखी पोरं अक्षर जुळवत वाचायची. मोठेही थांबायचे. मग वाचणं मागे पडलं आणि कौतुक तेवढं उरलं. "अक्षर काय गं, जोंधळ्याचा टपोरा दाणा!" असं म्हणून लोक पुढे जायचे. बाया तर भिंतीला हळदकुंकू वाहू लागल्या.

मुलीने आईलाही अक्षरं शिकवली होती. ती रोज विचारायची, "आई, आजचं वाचलंस?"

"उद्या वाचते गं राणी," आई म्हणायची. सगळं गाव लेकीला नावाजतंय, यातच तिचं पोट भरायचं.

एके दिवशी पाटलांनी मुलीचा सत्कार ठरवला.

सत्काराच्या दिवशी सकाळी गुरुजी पाठशाळेतल्या मुलांना डोंगरावरच्या तळ्यावर घेऊन गेले. मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. गुरुजींचा चेहरा उतरला. "पोरी, हेच पाणी तुमच्या विहिरीत झिरपतं. पळ, गावाला सांग."

मुलगी धापा टाकत आली. चावडीपुढे ढोल वाजत होता. ती ओरडली, पण कोणाला ऐकू जाईना. मग तिने भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: विहिरीचं पाणी पिऊ नका.

"बघा, आज तर अक्षर कालच्याहून टपोरं!" पाटील म्हणाले. त्यांनी मूठभर हळद भिंतीला लावली. वर हार घातला.

"आधी वाचा ना!" मुलगी रडकुंडीला आली.

"लाजतेय पोर!" लोक हसले. ढोल आणखी जोरात वाजला.

गर्दीत आई उभी होती. कडेवरचं बाळ तहानेने रडत होतं. लेकीवरची नजर न काढता तिने शेजारच्या कळशीतलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. "गप रे राजा, ताईचा मान बघ."

दिवस कलायच्या आत घरोघरी उलट्या सुरू झाल्या. मोठी माणसं कशीबशी तरली. ते बाळ गेलं.

सुतक होतं, तरी दुसऱ्या दिवशी मुलगी चावडीवर आली. तिने हळदीची भिंत पुसली, काळी केली आणि लिहायला बसली. कोणी वाहवा केली नाही. ढोल कोपऱ्यात पालथा पडला होता.

आई येऊन भिंतीसमोर बसली. अक्षरावर बोट ठेवून एकेक शब्द लावू लागली.

अंधारून आलं. "आई, घरी चल," मुलगी म्हणाली.

"थांब गं. अजून एक ओळ राहिलीय."

तात्पर्य: लेकरांच्या लिहिण्याची वाहवा करण्याआधी ते वाचावं.