झाडाला टांगलेले घुंगरू

पूर्वी वेत्रनगरात जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धावकाच्या कुळात जन्मला होता, आणि आता म्हातारपणाकडे झुकला होता. त्या काळी राजाचे निरोप चौकीचौकीने जात. एक धावक पुढच्या चौकीपर्यंत धावे, तिथून दुसरा निरोप घेऊन निघे. प्रत्येकाच्या कमरेला घुंगरांचा पट्टा असे. त्याचा आवाज लांबून कानी आला, की पुढचा धावक हातातले काम टाकून वाटेवर येऊन उभा राही.

बोधिसत्त्वाच्या अलीकडच्या चौकीवर वल्लिय नावाचा तरुण होता आणि त्याच्या अलीकडे भद्रक. भद्रक आपला टप्पा नेहमी वल्लियाहून लवकर संपवी. भद्रकाची वाट उताराची आणि वल्लियाची चढाची, हे आंधळ्यालाही कळले असते. पण बरोबरीच्या नादाला लागलेल्याला कळत नाही. त्यात राजाने सर्वांत वेगवान धावकाला दरवर्षी सोन्याचे कडे जाहीर केले. मग काय, भद्रक चांगला धावला की वल्लियाला अन्न गोड लागेना, आणि भद्रकाचा पाय मुरगळला की याला बरे वाटे. त्याचे स्वतःचे पाय दिवसेंदिवस बळकट होत होते, तिकडे मात्र त्याचे लक्ष नव्हते.

एके दिवशी डोंगरावरच्या तळ्याचा बांध खचला. खालचे गाव ताबडतोब रिकामे करा, असा निरोप भद्रकाने वल्लियाच्या हाती दिला. वल्लियाच्या मनात आले, की आजच्या धावेची गोष्ट साऱ्या नगरात होईल. अंग हलके व्हावे म्हणून त्याने घुंगरांचा पट्टा सोडून झाडाला टांगला आणि जन्मात धावला नव्हता असा धावला.

चौकीवर पोचला, तर वाटेवर कोणीच नव्हते. घुंगरू वाजले की परतू, या भरवशावर बोधिसत्त्व रानात सरपण आणायला गेला होता. वल्लियाने हाक मारायला तोंड उघडले, पण धापेमुळे शब्द फुटेना. पुढची वाट त्याला ठाऊक नव्हती. तो रानात शिरला आणि बोधिसत्त्व सापडेपर्यंत वाचवलेला वेळ तर गेलाच, वर आणखी गेला.

बोधिसत्त्वाने त्याची रिकामी कमर पाहिली, निरोप ऐकला आणि तो आपल्या नेहमीच्या चालीने धावत सुटला. त्याचे घुंगरू ऐकून गावकरी आधीच बाहेर येऊन थांबले होते, म्हणून माणसे वाचली. गुरे सोडायला मात्र वेळ उरला नाही. उत्पला नावाच्या विधवेची गाय वासरासह दाव्यालाच बुडाली.

उशीर का झाला, असे राजाने दरबारात विचारले. बोधिसत्त्व म्हणाला, “महाराज, मी चौकीवर नव्हतो.” वल्लियाने पट्टा सोडल्याचे त्याने सांगितले नाही. राजाने त्याची चौकी काढून घेतली आणि सर्वांत वेगाने धावला म्हणून कडे वल्लियाच्या हातात घातले. वल्लियाची मान खाली गेली. लोकांना तो विनय वाटला. जनाची लाज राखली गेली होती, पण मनाची त्याला उभे राहू देईना.

संध्याकाळी तो बोधिसत्त्वाच्या झोपडीत आला आणि पायांवर पडून रडला. आपण केले ते सांगून म्हणाला, “आजोबा, मी आता धावणार नाही.”

“बाळा, त्यानं ती गाय परत येणार आहे का?” बोधिसत्त्व म्हणाला. “भद्रकाची वाट त्याची, तुझी तुझी. तू त्याला मागं टाकलंस खरं, पण निरोपही मागंच राहिला. आता मला सांगितलंस ते राजाला सांग.”

“तिथं सगळे असतील.”

“असतील.”

दुसऱ्या दिवशी भरल्या दरबारात वल्लियाने सर्व सांगितले. ज्यांनी काल त्याची स्तुती केली होती, त्यांच्यापुढे सांगताना धरणीने पोटात घ्यावे असे त्याला झाले. राजाने बोधिसत्त्वाला चौकी परत दिली. वल्लिय कडे घेऊन उत्पलेकडे गेला. तिने कडे घेतले, त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही.

त्यानंतरही वल्लिय धावत राहिला. चढ तोच होता, पट्टा कमरेला होता. पुढच्या वर्षीचे कडे भद्रकाला मिळाले आणि त्या दिवशी वल्लिय पोटभर जेवला.

विहारातल्या भिक्षूंना ही पूर्वजन्माची गोष्ट सांगून त्यांचे धर्मगुरू शास्ते म्हणाले, “तेव्हाचा भद्रक म्हणजे आजचा भिक्षू सोणक, उत्पला म्हणजे या विहाराला रोज दूध देणारी उपासिका. सोणकाच्या ध्यानाशी आपले ध्यान ताडून पाहता पाहता खचलेला आणि भिक्षूचे चीवर उतरवून घरी परतायला निघालेला हा चित्तक, तोच वल्लिय. म्हातारा धावक मीच होतो. चित्तका, मागे पडल्याची लाज ठेवू नकोस. हातचे काम चुकल्याची ठेव. तिचेच नाव लज्जा, आणि तो सद्गुण आहे.”

चित्तक खाली मान घालून उठला आणि आपल्या ध्यानाच्या आसनावर जाऊन बसला.