आधी भाकरी, मग गाव

एका नगरात गोजरा नावाची एक दवंडी देणारी बाई राहत होती. दवंडीचा मान तिच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. गळ्यात हलगी अडकवून ती रस्त्याला लागली, की तिचा आवाज थेट वेशीपर्यंत पोचायचा. बाजार कधी भरणार, कर कधी भरायचा, कुणाची गाय हरवली, सगळं लोकांना तिच्याच तोंडून कळायचं.

संकटाची दवंडी मात्र वेगळी होती. आसपासच्या कुठल्याही गावावर पूर, आग, लढाई असं काही कोसळलं, की गोजरा हलगीवर संथ ठोके द्यायची आणि एवढंच ओरडायची, "आपल्या घरात चूल विझली हो!" हे कानावर पडलं, की घराघरातून भाकरी बाहेर यायची आणि चौकात अंथरलेल्या धोतरावर पडायची. चांगला ढीग झाला, की मग गोजरा त्या गावाचं नाव सांगायची. हा क्रम कुणी लावून दिला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण जो कुणी असेल तो माणसांना पुरता ओळखून होता. नगराला आपल्या या रीतीचा मोठा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर गोष्ट सांगताना माझीही मान जरा ताठ होते.

नगराच्या पूर्वेला उगवतवाडी होती आणि पश्चिमेला मावळतवाडी. उगवतवाडीहून वासाचा तांदूळ यायचा. नगराचा कारभार पाहणाऱ्या नगरशेठची सूनही तिथलीच. मावळतवाडीचे लोक रानातले. जळण आणि मध विकायला यायचे आणि विकून झालं की मुकाट्याने परत जायचे. त्यांच्या घरी जेवायला कुणी गेलं नव्हतं, आणि त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं.

एका वर्षी एका कुरणावरून या दोन वाड्यांत जुंपली. सुरुवात कुणी केली, हे दोन्हीकडचे लोक वेगवेगळं सांगत.

आधी उगवतवाडीची घरं जळली. गोजराने दवंडी दिली, भाकऱ्यांच्या गाड्या गेल्या. नगरशेठने तर हुकूमच सोडला की उगवतवाडीची खबर रोज द्यायची. मग काय, तिथल्या म्हशीचं शिंग मोडलं तरी हलगी वाजू लागली. पारावर बसणारा प्रत्येक जण लढाईतला जाणकार झाला. ज्याने जन्मात कधी काठी उगारली नव्हती, तोही कोणत्या बाजूने हल्ला करायला हवा होता ते बोटाने मातीत रेघा ओढून दाखवू लागला.

आणि मग मावळतवाडी जळाली.

तिथली एक बाई सकाळी धापा टाकत गोजराच्या दारात आली. तिच्या लुगड्याचा काठ होरपळला होता. "बाई, समदी वाडी गेली," ती म्हणाली. "माणसं डोंगरातल्या गुहेत बसल्यात. पोरं उपाशी हायेत. तुझ्या हलगीबिगर आम्हाला कोन हाय?"

गोजराने तिला पाणी दिलं आणि हलगी गळ्यात घातली. पण वाटेतच नगरशेठने तिला अडवलं.

"मावळतवाडीची दवंडी द्यायची नाही," तो म्हणाला. "माझ्या सुनेचं माहेर त्यांनी जाळलं. शिवाय लोक आता वाईट खबरा ऐकून कंटाळलेत."

"शेठजी, कालपतूर तर रोजच्या रोज देत हुते की मी."

"ते वेगळं होतं."

"काय येगळं हुतं?"

नगरशेठ मवाळ आवाजात म्हणाला, "बरं, दे दवंडी. फक्त गावाचं नाव आधी सांग. लोक शहाणे आहेत, त्यांचं त्यांना ठरवू दे. नाहीतर हलगी माझ्याकडे जमा कर. दवंडीचा मान दुसऱ्या घराण्याला देईन."

ही हलगी तिच्या आजीने वाजवली होती, आईने वाजवली होती. तिने मनाशी म्हटलं, शब्द तर तेच आहेत, मागचा पुढे घ्यायचा एवढंच. त्याने काय बिघडणार आहे?

पहिल्या आळीत शिरून तिने पडेल आवाजात हाळी दिली, "मावळतवाडीत चूल विझली हो!"

लोक दारात आले. पण हातात काहीच नव्हतं.

"मावळतवाडी? भोगा म्हणावं आपल्या कर्माची फळं," एक जण म्हणाला.

"दोन्ही बाजूंचं ऐकल्याशिवाय मी काही मत देणार नाही," दुसरा म्हणाला. त्याच्याकडे मत कुणी मागितलं नव्हतं, भाकरी मागितली होती.

"आणि दक्षिणेकडे दुष्काळ पडला तेव्हा हे कुठे होते? त्याबद्दल का नाही कुणी बोलत?" तिसऱ्याने विचारलं. तो स्वतःही कधी बोलला नव्हता.

चौथ्याला मात्र खरोखर वाईट वाटलं. त्याने डोळे पुसले, सुस्कारा टाकला आणि आत जाऊन जेवायला बसला.

आळी संपली तरी भाकरी एकही मिळाली नाही. गोजराला स्वतःची लाज वाटली. होरपळल्या काठाची ती बाई तिच्या मागोमाग चालत सगळं ऐकत होती.

ती तशीच चौकात गेली. समोर नगरशेठचं घर होतं. तिने जमिनीवर धोतर अंथरलं, पाठ ताठ केली आणि आजीसारखा आवाज लावला, "आपल्या घरात चूल विझली होऽऽ!"

बायका सवयीने उठल्या. तव्यावरची गरम भाकरी, दुरडीतली शिळी, कुणाची नाचणीची, कुणाची ज्वारीची. हां हां म्हणता धोतर भरलं. नगरशेठची सूनही डोईवरचा पदर सावरत आली आणि भाकरी ठेवून बाजूला उभी राहिली.

"कुठलं गाव गं, गोजराक्का?" कुणीतरी विचारलं.

गोजराने होरपळल्या काठाच्या त्या बाईला हाताला धरून पुढे आणलं. "मावळतवाडी," ती म्हणाली.

नगरशेठ तरातरा बाहेर आला. त्याने गोजराच्या गळ्यातली हलगी काढून घेतली आणि म्हणाला, "फसवणूक आहे ही! आपापली भाकरी उचला आणि घरी जा."

कुणी पुढे झालं नाही, पण कुणी नाहीही म्हणेना. सगळे शेठच्या सुनेकडे बघू लागले. माहेर तिचं जळलं होतं. तिने भाकरी उचलली असती, तर सगळ्यांनीच उचलली असती.

सून पुढे आली. धोतरापाशी वाकली. तिने वरून घसरलेल्या दोन भाकऱ्या नीट रचल्या आणि धोतराची गाठ मारली.

"मामंजी," ती म्हणाली, "माझ्या भावाचं घर जळलं. त्याचा राग मला आहे आणि तो लवकर जाणारही नाही. पण ही भाकरी काही मी रागावर भाजली नाही, चुलीवर भाजली आहे. ती जाऊ दे."

आणि गाठोडं उचलून तिने स्वतः गाडीत ठेवलं.

मग मात्र चौकातली माणसं भानावर आली. पहिल्या आळीतले लोकही खाली माना घालून भाकऱ्या घेऊन आले. गाड्या भरल्या, पण गाडीवान हलेनात. हलगी पुढे असल्याशिवाय संकटाची गाडी वेशीबाहेर न्यायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी कासरे सैल सोडले आणि नगरशेठकडे नुसतं बघत राहिले. शेवटी त्याने हलगी गोजरापुढे धरली. "चल, नीघ आता," तो पुटपुटला. गोजराने ती कपाळाला लावून गळ्यात घातली. त्या दिवशी वाजली तशी हलगी त्या नगरात पुन्हा कुणी ऐकली नाही, असं लोक सांगतात.

सूनही गाडीत बसून गेली. गुहेत पोचल्यावर ती एकेकाच्या हातावर भाकरी ठेवू लागली. एका म्हाताऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू कुन्या गावची गं, लेकी?"

तिला नगराचं नाव सांगता आलं असतं. ती म्हणाली, "उगवतवाडीची."

म्हाताऱ्याचा तोंडाकडे गेलेला हात थांबला. आजूबाजूचे लोक उठून उभे राहिले.

"आधी खा, बाबा," ती म्हणाली. "मग हवं तेवढं भांडू."

म्हाताऱ्याने हातातली भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी तिच्यापुढे केली.

"सकाळपासून तू तरी कुठं जेवली असशील," तो म्हणाला.

तात्पर्य एवढंच, की दुःख कुणाचं आहे हे विचारण्याआधी हात पुढे करावा. मतं मांडायला उभा जन्म पडला आहे, भुकेल्याला तेवढी सवड नसते.