चिमायचा दगड

पाहुण्यांनो, खुशाल टेका, पण त्या काळ्या दगडावर नको. तो चिमायचा दगड. आमच्या ठाकरवाडीत वर्षाचा पहिला कडूकंद वाडीतली सगळ्यात थोरली बाई तिथं बसून खाते, आणि दिवस मावळेस्तोवर बाकी कुणी त्याला तोंड लावत नाही. हसू नका, जिवावर बेतलेली गोष्ट आहे.

फार मागे पाऊस हुकला म्हणे. नागली सरली, कणग्या झाडून झाल्या. बुधी नुकतीच बाळंत झालेली. अंगावरचं दूध आटत चाललं आणि लेकराचं रडणंही बारीक होत गेलं. रानातले खायचे कंद संपले. उरला फक्त हा कडूकंद, तो मात्र मोप. पण हा खाल्लेला माणूस कुणी पाहिला नव्हता.

बुधीची आई चिमाय म्हणाली, "माझ्या गवऱ्या मसणात गेल्यात. आधी मी खाते."

कंद भाजून तिनं ह्या दगडावर बसून खाल्ला. दुपारपर्यंत काही झालं नाही. भुकेनं कासावीस झालेल्या बुधीनं उरलेल्या कंदाला हात घातला, तशी चिमायनं फाडकन हातावर मारलं. "दम धर मेले! दिवस मावळू दे."

उन्हं कलली आणि चिमायची जीभ जड झाली. बुधीनं हंबरडा फोडला, आईच्या गळ्यात पडायला धावली.

"लांब हो! रडतेस काय? ऐक. पुन्हा सांगायला मी नाही."

मग ती सांगत गेली. आधी घसा जळला. आता ओठ बधिर झाले. ओढ्याचं पाणी तोंडात घोळवून थुंकलं की आग जरा उतरते. "इख पाण्यात उतरतंय गं," एवढं बोलली आणि तिची वाचा बसली. बुधी हातभर लांब बसून शब्द न् शब्द ध्यानात ठेवत होती. अंधार पडायच्या आत चिमाय गेली.

रडायलाही सवड नव्हती. बुधीनं त्याच कंदाच्या चकत्या केल्या, राख घालून उकडल्या आणि टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवल्या. रोज एक चकती जिभेला लावायची आणि थुंकायची. कडूपणा पार गेला तेव्हा लेकरू जावेच्या मांडीवर दिलं आणि आईच्या जागी बसून खाल्लं. दिवस मावळला, तिला काही झालं नाही. वाडी जेवली, लेकरू जगलं.

पण बुधी म्हातारी होईस्तोवर एकच म्हणायची, असं सांगतात: "आयचं सगळं ऐकलं मी. तिला जवळ घ्यायचं तेवढं राहिलं."

आजही थोरली बाई पहिला घास घेते तेव्हा तिची लेक, लेक नसेल तर सून, तिचा हात धरून शेजारी बसते. उकडून धुतलेला कंद बाधत नाही, हे आमच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. तरी दिवस मावळेपर्यंत हात कुणी सोडत नाही.