बेहड्याचा हुंकार

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीही ती नुसती ऐकलेलीच होती.

एका डोंगराळ राज्यात एक गोड रीत होती. ज्याच्यावर कविता केली, त्याला ती आधी ऐकवायची. आईवरची आईला, नदीवरची नदीला. ऐकणाऱ्याने हुंकार दिला, तरच ती चारचौघांत म्हणायची. आई ‘हूं’ म्हणे, नदी खळखळे, झाड पानं सळसळवी. हुंकार आला नाही, तर कविता कच्ची.

तिथला म्हातारा राजकवी रानावर फार सुंदर लिहायचा. राजाचा त्याच्यावर भारी जीव. एकदा कवीने लाडात येऊन हट्ट धरला, “महाराज, माझ्या रानाच्या कवितांना रानाच्याच लाकडाचा मंडप हवा.”

झालं! राजाने लगेच हुकूम सोडला. वर्षभर कुऱ्हाडी चालल्या. सागाचे शंभर खांब उभे राहिले. आता फक्त छपराचं आढं चढायचं राहिलं होतं. त्यासाठी रानातल्या सगळ्यात जुन्या बेहड्याच्या झाडावर सुतारांनी गेरूची खूण केली. ठरलं असं, की उद्या सकाळी कवीने मंडपात रानाची नवी कविता म्हणायची आणि लगेच बेहड्यावर घाव घालायचा.

रीतीप्रमाणे कवी आदल्या दिवशी कविता ऐकवायला रानात गेला. वर्षभर तो तिकडे फिरकलाच नव्हता. बिचारा घरात बसून रानावर लिहीत होता. आता पाहतो तर जिकडे तिकडे तोडलेल्या झाडांचे खुंट, आणि मधोमध एकटा बेहडा. कवीने घसा साफ केला आणि म्हणायला सुरुवात केली, “हे गर्द सावलीच्या राना...”

“कुठे आहे हो सावली?” वरून कोणीतरी विचारलं. बेहड्यावर एक धनेश पक्षी बसला होता. बोलता यावं म्हणून चोचीतलं उंबराचं फळ त्याने नीट फांदीवर ठेवलं होतं.

कवी ओशाळला. “निदान हुंकार तरी द्या कोणीतरी.”

“देणार कोण? या बेहड्यावर उद्या घाव पडणार, बाकीचे हुंकार देणारे तुमच्या मंडपात खांब होऊन उभे आहेत.” धनेशाने बेहड्याच्या खोडावरच्या बारीकशा फटीकडे चोच वळवली. “कविराज, आत माझी बायको आहे. अंडी घालायला तिने ढोलीचं दार लिंपून घेतलंय. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर यायची नाही. मी घास नेतो, ती फटीतून घेते. उद्या झाड पडलं तर तिला उडतासुद्धा येणार नाही, पिसं झडलीत तिची.”

फटीतून एक चोच बाहेर आली. धनेशाने ते फळ अलगद तिच्यात दिलं. आयुष्यभर पाखरांवर लिहिणाऱ्या त्या माणसाला हे ठाऊकच नव्हतं. तो तिथेच खाली बसला आणि रडला.

दुसऱ्या दिवशी मंडपात तो हात जोडून म्हणाला, “महाराज, हुंकार मिळाला नाही.”

राजा हसला. “एवढंच ना? रान इथेच तर उभं आहे. या खांबांनाच ऐकवा की!”

कवीने ऐकवली. अख्खा दरबार कान देऊन बसला होता. कविता संपली. शंभर खांबांपैकी एकानेही हूं की चूं केलं नाही.

राजाचं हसू मावळलं. त्याने जवळच्या खांबावर हात ठेवला. “कविराज, चूक आपल्या दोघांचीही झाली,” तो हळूच म्हणाला.

“माझी जास्त, महाराज. आता तो बेहडा तरी वाचवा. त्याच्या पोटात एक आई बसली आहे.”

कुऱ्हाडी थांबल्या. मंडपाला आढं चढलं नाही, छपरही नाही. धनेशाची पिल्लं त्या ढोलीतून सुखरूप उडाली. कवी मात्र बिया वेचायला लागला. बेहडा, साग, उंबर, जे मिळेल ते खुंटांमधल्या मोकळ्या जागेत लावायचा. राजा स्वतः घागरी वाहायचा. लोक सुरुवातीला हसले, मग त्यांनीही घागरी आणल्या.

बारा वर्षांनी झाडं माणसांच्या डोक्यावर गेली. कवी तेव्हा काठी टेकत चालायचा. एका सकाळी तो बेहड्याखाली उभा राहिला आणि तीच जुनी कविता म्हणू लागला, “हे गर्द सावलीच्या राना...”

पहिल्याच ओळीला बेहड्यासकट सगळं रान सळसळलं.

शेजारी उभ्या राजाने कवीचा हात घट्ट धरला, आणि दोघे म्हातारे सावलीत बसून राहिले.

तात्पर्य : ज्याचं गाणं गायचं, त्याला ते ऐकायला जिवंत ठेवावं.