राखणदार राउटर

त्या काळी घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत. एका घरातल्या राउटरच्या खोक्यावर व्हीपीएनचं, म्हणजे निरोप बंद पाकिटातून पाठवायच्या सोयीचं, नाव छापलं होतं. त्यामुळे पाळण्यावरचा कॅमेरा निर्धास्त होता.

एकदा लॅपटॉप आपला निरोप स्वतःच पाकिटात घालू लागला, तेव्हा कॅमेरा हसला. “कशाला एवढा खटाटोप? राउटरदादा घालतात की!”

राउटर चाचरला. “मी नाही घालत रे. कुणी बंद पाकीट आणलं, तर ते अडवत नाही, इतकंच.”

“म्हणजे बाळाचं हसणं-रडणं मी आजवर उघडंच पाठवलं? आधी का नाही बोललात?”

राउटरचे दिवे लुकलुकले. “तुम्ही सगळे मला घराचा राखणदार म्हणायचात,” तो हळूच म्हणाला. “ऐकायला बरं वाटायचं.”