लेकीचं स्थळ आणि वैजूचा फ्लॅट

फ्लॅट बघायला वैजू आपल्या एजंट इंदूमावशींना सोबत घेऊन आली, तेव्हा बिल्डर ढमढेरे मिशीत हसले. "आमचा एजंट आहे की! तोच दोघांचंही बघेल. यांना कशाला त्रास?"

वैजू ओशाळली. मावशींनी मात्र टेबलावरची लग्नपत्रिका उचलली. "लेकीचं लग्न वाटतं? स्थळाची चौकशी कुणी केली?"

"मी स्वतः! मुलाचं ऑफिस, शेजारीपाजारी, सगळीकडे जाऊन आलो."

"एवढी पायपीट कशाला? मुलाच्या मामालाच विचारायचं. त्यानेच दोघांचंही बघितलं असतं."

ढमढेऱ्यांनी खो खो हसत किल्ल्या उचलल्या. "चला मावशी, कुठली भिंत ओल धरते तेही दाखवतो. आणि लग्नाला यायचं हं, आमच्या मुलीच्या बाजूने!"