उजवीकडचा चढा आकडा

एकदा एका शिष्याने आपल्या वृद्ध गुरुजींना भर दुपारी निरोप धाडला, "असाल तसे या." गुरुजींनी आयुष्यभर तंत्रविद्यालयात रेडिओची विद्या शिकवली होती. काठी टेकत ते मिरजेतल्या त्या घरी पोहोचले, तेव्हा त्यांचा शिष्य दिगंबर टेबलावरच्या एका उघड्या यंत्रावर वाकला होता. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

सुटे भाग मागवून यंत्र त्याने स्वतःच जोडले होते. तबकडीच्या सुईतून येणारा क्षीण आवाज मोठा करणारे, जुन्या धाटणीचे, काचेच्या दोन व्हॉल्व्हचे. एक डावीकडच्या आवाजासाठी, दुसरा उजवीकडच्या. आतल्या खोलीत त्याचे वडील कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. उमेदीच्या काळात त्यांनी एका गायिकेच्या तबकडीवर तबल्याची साथ केली होती. उद्या सकाळी त्यांना शस्त्रक्रियेसाठी न्यायचे होते, आणि डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नव्हती. "एकदा माझा ठेका ऐकवा रे," एवढेच म्हाताऱ्याने मागितले होते. तबकडीवर गाणे डावीकडे होते, तबला उजवीकडे. आणि नेमकी उजवी बाजू मुकी होती.

"डाव्या व्हॉल्व्हवर एकशे सत्तर व्होल्ट मिळतात, उजव्यावर दोनशे ऐंशी," दिगंबर म्हणाला. "उजव्यात नको इतका जोर आहे, गुरुजी. व्हॉल्व्ह बदलला, रेझिस्टर बदलले. आकडा खाली यायचं नावच घेत नाही."

तेवढ्यात त्याची पत्नी सुनेत्रा दारात आली. "होतंय का? बाबा सारखे विचारताहेत."

"दिसत नाही का तुला?" तो खेकसला. "आणि चेहरा जरा नीट कर. वडील माझे आहेत, तरी मी असा तोंड पाडून बसतो का?"

ती आत निघून गेली. रागाच्या भरात दिगंबरने पक्कड उचलली आणि तशीच यंत्रात घातली.

"हात मागे!"

गुरुजींचा इतका चढा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. तो जागच्या जागी थिजला.

"वीज चालू आहे. माणूस फेकला जातो तिथे. आधी बंद कर."

त्याने बटण बंद केले. यंत्रात साठून राहिलेली वीज गुरुजींनी उतरवली. मीटरचा काटा शून्यावर आला. मग गुरुजींनी हात पुढे केला आणि डावीकडचा, चांगला चालणारा व्हॉल्व्ह उपसून बाजूला ठेवला.

"गुरुजी, तो चांगला आहे! निदान तेवढा तरी राहू द्या!"

"आता वीज दे. डावीकडे मोज."

काटा एकशे सत्तरवर थांबला नाही. चढत चढत तो दोनशे ऐंशीवर जाऊन स्थिरावला. दिगंबर ओरडला, "ही बाजूही गेली!"

"गेली नाही, रिकामी झाली," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मागून वीज दोन्हीकडे सारखीच येते. व्हॉल्व्ह काम करू लागला, त्याच्यातून प्रवाह वाहू लागला, की वाटेत ती खर्च होते आणि आकडा उतरतो. उतरलेला आकडा ही कामाची खूण आहे, बाळ. तुझा उजवा व्हॉल्व्ह जागेवर बसला आहे, उजळलाही आहे; पण त्याच्यातून काहीच वाहत नाही. म्हणून त्याचा आकडा असा टवटवीत. तू ज्याला जोर समजलास, तो नुसता रिकामेपणा आहे."

पुन्हा वीज बंद झाली. उजव्या व्हॉल्व्हच्या खाली, प्रवाह जमिनीला मिळतो त्या टोकाशी, सोल्डरचा एक सांधा कच्चा निघाला. दिगंबरने तो नव्याने पक्का केला, डावा व्हॉल्व्ह जागेवर बसवला, वीज दिली आणि मीटर लावले. उजवीकडचा आकडा एकशे सत्तरच्या आसपास उतरला होता.

दिवेलागणीला तबकडी फिरू लागली. गाण्याच्या बरोबरीने तबला घुमला. म्हाताऱ्याने डोळे मिटून बराच वेळ ऐकले आणि मग कुरकुरला, "डग्गा जरा उतरला होता की त्या दिवशी!" सगळे हसले.

सुनेत्राही हसली, पण हसताना तिने भिंतीचा आधार घेतला होता. दिगंबरचे लक्ष तिकडे गेले आणि तिथेच राहिले. इतके महिने या खोलीत रात्री कोण उठत होते? भरवत, पुसत, धीर देत कोण होते? आणि ताजातवाना कोण राहिला होता? त्याला गुरुजींकडे पाहवेना. गुरुजी तर गाणे ऐकण्यात गुंग होते.

तबकडी संपली. सासऱ्यांची कूस बदलायला सुनेत्रा पुढे झाली, तसा तो आडवा आला.

"तू बस. मी करतो."

"तुम्हाला येतं?"

"नाही," तो म्हणाला. "तू सांग."

सुनेत्रा खुर्चीवर टेकली. मग हळूच म्हणाली, "आधी खांद्याखाली हात घाला. आणि घाई करू नका."